माउस म्हणजे उंदीर

भातसानगरच्या कॉलनीत दर चौदा एप्रिलला सभा व्हायची, आणि सभेत रत्नप्रभाचं भाषण ठरलेलं असायचं. भाषण म्हणजे एकच आठवण. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी तिचं माहेर. तिथल्या शाळेत ती पहिलीत असताना गुरुजी बाकीच्या मुलांच्या हातावर खडू ठेवायचे आणि तिच्या हातात वीतभर वरून सोडायचे. तिने ओंजळ करायची आणि झेलायचा. "पण मी एकदाही खडू खाली पडू दिला नाही," असं ती म्हणायची आणि थांबायची. टाळ्या तिथेच पडायच्या. खरं म्हणजे दोनतीनदा पडला होता. पण सभेत तेवढं कोण सांगतं?

२००३ साली मंडळाची माणसं विचारायला आली तेव्हा ती म्हणाली, घसा बसलाय. पुढच्या वर्षीही घसा बसला. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलंच नाही.

"तुझा घसा बरोबर एप्रिलातच कसा बसतो गं?" नवरा, नरेंद्र, एकदा म्हणाला.

जे झालं होतं ते तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. २००२ साली, अंगणवाडीत कॉम्प्युटर आला त्या वर्षी, झालं होतं ते.

रत्नप्रभाचा बाप बारकू जन्मभर दुसऱ्यांच्या शेतावर राबला. पोरगी दहावी झाल्याशिवाय उजवायची नाही, हा हट्ट आईचा, चंद्राबाईचा. दहावीला रत्नप्रभा इंग्रजीत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा बसून काठावर सुटली, आणि तेव्हापासून तिला इंग्रजीची भीतीही वाटायची आणि मिजासही. नरेंद्र धरणावर रोजंदारीवर लागून पुढे कायम झाला होता. लग्न झाल्यावर कॉलनीतल्या दोन खोल्या मिळाल्या, दोन मुलं झाली, आणि १९९३ मध्ये तिला जांभूळखोऱ्याच्या अंगणवाडीत नेमणूक मिळाली. घरापासून पाऊण तासाची चाल.

अंगणवाडी म्हणजे सिमेंटच्या पत्र्याची एक खोली आणि मागे खिचडी शिजवायला पडवी. पटावर बत्तीस मुलं. सव्वीस गावातली, सहा कातकरवाडीतली. वाडी गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. आजूबाजूच्या गावांतल्या सेविका वाडीवरची मुलं नुसती पटावर ठेवायच्या. हजेरी मांडायची, मुलं आणायची नाहीत. रत्नप्रभा तसं करत नव्हती. ती सकाळी आधी वाडीवर जायची, झोपलेल्यांना उठवायची, आणि सहाही जणांना हाताला धरून ओढ्यातून पार करून आणायची. मुख्यसेविका बैठकीत तिचं नाव घेऊन इतरांना सुनवायच्या. आपण ह्या मुलांसाठी काही वेगळं करतो हे तिला माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

एवढं करूनही नऊ वर्षांत वाडीवरचं एक मूल पहिलीत टिकलं नव्हतं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि वाडीच्या वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायची, ती पावसाच्या तोंडाला परतायची. आईबापांबरोबर पोरंही जायची.

त्या जूनमध्ये मात्र रंजना स्वतःहून बोलली. रंजना आणि सुक्याची थोरली मुलगी चिमा, पाच वर्षांची. काटकुळी, पिंगट केसांची, तोंडाने फटकळ. रंजना म्हणाली, "बाय, हिला तुमच्याकडं आवडलं ना, तं आवंदा हिला म्हातारीजवळ ठेवून जाईन. भट्टीवं नाय नेत. नाय आवडलं तं येल आमच्यासंगं, मंग काय."

म्हातारी म्हणजे सुक्याची आई, बुधी. तिने मान डोलावली. रत्नप्रभाने त्याच दिवशी मनाशी धरलं, ही एक पोरगी पुढच्या जूनला पहिलीत जाईल.

जुलैत जीपमधून कॉम्प्युटर आला. मुंबईतल्या कुठल्या कंपनीने कचेरीतले जुने कॉम्प्युटर काढले होते, एका संस्थेने ते मागून घेऊन शहापूर-मुरबाडच्या दहा अंगणवाड्यांना वाटले. पडदा पिवळट पडलेला, मागे भलंमोठं पोट. सीडीचा कप्पा बाहेर यायला टाचणी खुपसावी लागायची. पण चालायचा. सीडीत एक हिरवा पोपट होता. तो हिंदीत बोलायचा. झाडाखाली फळं पडलेली असायची, एकेक उचलून बरोबर रंगाच्या टोपलीत टाकायचं. बरोबर पडलं की पोपट पंख फडफडवून "शाबाश!" म्हणायचा.

शिकवायला संस्थेची संघरत्ना आली. मुरबाडची मुलगी, कल्याणला कोर्स केलेली, ओढणी कमरेला बांधून टेबलाखाली शिरणारी. शहापूरला दोन दिवसांचं शिबिर झालं त्यात तिने सगळ्या सेविकांना बजावलं होतं, "मुलांना स्वतः हात लावू द्या. तुम्ही चालवून दाखवाल तर तो टीव्ही झाला. आणि शब्द सांगितला की लगेच अर्थ सांगा."

शब्द आणि लगेच अर्थ. रत्नप्रभाने हे वहीत लिहून खाली रेघ मारली. ही तिच्या आवडीची गोष्ट होती.

टेबल खडबडीत फळ्यांचं होतं. माउसखाली ठेवायला काही आलं नव्हतं. तिने ट्रंकेतून आहेरातला कोरा टर्किश टॉवेल काढला, गुलाबी, आणि दुहेरी घडी करून अंथरला. जुनाट यंत्राला जरा शोभा आली.

पहिल्या दिवशी सगळी मुलं दाटीवाटीने पुढे बसली. लाइट दहाला आली. रत्नप्रभा पट्टी घेऊन उभी राहिली.

"हा मॉनिटर. मॉनिटर म्हणजे पडदा."

"पडदाऽऽ!"

"हा कीबोर्ड. कीबोर्ड म्हणजे बटणांची पाटी. आणि हा माउस. माउस म्हणजे काय?"

कुणाला येत नव्हतं. तिने माउस शेपटीला धरून वर उचलला. "माउस म्हणजे उंदीर!"

मुलं खूश झाली. कुणी चीं चीं केलं. चिमा अगदी टेबलाला टेकून बसली होती, सगळ्यांच्या आधी तिचाच हात वर होता. "ये," रत्नप्रभा म्हणाली, "पहिली पाळी तुझी." चिमा उठली आणि तिने हात पुढे केला.

तेवढ्यात सरपंचांचा नातू बाळ्या ओरडला, "बाय, तिला देव नका! ती भाजून खाल!"

वाडीवरची माणसं भात कापून झाल्यावर शेतातले उंदीर धरतात, भाजून खातात, हे गावात सगळ्यांना माहीत. त्यावरून चिडवणं गावातल्या पोरांना दुधाच्या दातांबरोबर येतं.

चिमाने मागे वळून बाळ्याकडे बघितलं. तिला राग आलेला दिसला नाही. ज्याला काही कळत नाही त्याला समजावून सांगावं तशी ती म्हणाली, "ह्यो कसा भाजचा रं? ह्यो पलाष्टिकचा हाय. घाण वास येल."

खोली फुटल्यासारखी हसली. पडवीत मदतनीस हिराबाई होती, तिने तोंडाला पदर लावला. आणि रत्नप्रभा हसली. ओठ दाबून नव्हे. चांगली मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आपलं काहीतरी छान जमलं असं वाटून चिमा पण सगळ्यांबरोबर हसायला लागली होती. मग ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. बाळ्याकडे, हिराबाईकडे, सगळ्यात शेवटी बाईंकडे. तिथे तिचं हसू थांबलं. पुढे केलेला हात मागे गेला आणि फ्रॉकच्या मागे दडला.

"अगं, ये ना," रत्नप्रभा डोळे पुसत म्हणाली.

चिमा आली नाही. पहिली पाळी बाळ्याची झाली.

पुढे कितीतरी दिवस रत्नप्रभा स्वतःला सांगत राहिली की आपण हसलो ते पोरीच्या हजरजबाबी उत्तराला. बाळ्याच्या बोलण्याला नाही. हे निम्मं खरं होतं. पण तसं असतं तर तिने बाळ्याला तिथल्या तिथे झापलं असतं, आणि तिने त्याला झापलं नव्हतं. झापायचं तिला सुचलंच नव्हतं.

महिनाभरात माउस अडायला लागला. पडद्यावरचा बाण धक्के खात जायचा, मध्येच थांबायचा. टोपलीपर्यंत आंबा जायचाच नाही. पोपट गप्प. मुलं वैतागायची. एक दिवस सरपंचांची सून, बाळ्याची आई, दारात आली.

"बाई, बाळ्या सांगतो त्याची पाळी आली की बाण हलतच नाय. सगळेच हात लावतात ना. कुठून कुठून येतात पोरं, कसले कसले हात असतात."

कुठून कुठून म्हणजे एका ओढ्यापलीकडून. ते हात रोज सकाळी त्या ओढ्यातच रत्नप्रभाच्या समोर धुतले जायचे. हे तिने सांगायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "हो, बघते मी काहीतरी."

तिने तक्ता केला. तिचं अक्षर मोत्यासारखं. 'स्वच्छ हात असतील त्यांनीच यंत्राला हात लावावा. बाकीच्यांनी मागे बसून पाहावे.' वाचता येणारं त्या खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी तिने तक्ता भिंतीवर लावला. सुरुवातीला ती एकेकाचे तळवे उलटेसुलटे करून बघायची. बाळ्याच्या नखांत माती असायची, ती त्याला टॉवेलाला हात पुसायला लावायची आणि पुढे बसवायची. वाडीवरच्यांना ती हात पुसायला लावत नव्हती. त्यांना ती मागे बसवायची. आठपंधरा दिवसांत तळवे बघायची गरज उरली नाही. ती सहा मुलं आली की आपणहून भिंतीला टेकून बसायची. माउस अडायचा तो अडतच होता, पण आता कुणी तक्रार करत नव्हतं.

चंद्राबाई तेव्हा लेकीकडे राहायला आली होती. शहापूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, नवीन डोळ्याने तिला सगळं बघायचं असायचं. एका दुपारी नातवाच्या सायकलवर मागे बसून ती अंगणवाडीत आली आणि तासभर उंबऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "रत्ना, ती सा पोरं मागं का गो बसतात?"

"हात धुत नाहीत, आई. यंत्र खराब होतं."

चंद्राबाईने सुपातला खडा बाजूला टाकला. "आमालाबी तेच सांगत व्हते."

रत्नप्रभाच्या अंगातून सणक गेली. "तू मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर लावणीला जाणारी ती वाडीवरची रंगू आपल्या घरी यायची, तिची कपबशी तू पडवीच्या वळचणीला वेगळी ठेवायचीस. मी धुतली तर मला ओरडायचीस. आठवतं का?"

"आठवतं ना."

"मग?"

"मंग काय? ठेवायची मी. म्हणून तं लगीच वळखलं." चंद्राबाईने सूप पाखडलं. कोंडा उडाला. "मला वाटलं, माझी लेक शिकल्याली हाय. तिला माझ्यावानी नाय जमायचं."

त्या रात्री रत्नप्रभाने ठरवलं, पुढच्या आठवड्यापासून मागच्या मुलांनाही पाळी द्यायची. तक्ता न काढता. गाजावाजा न करता.

पुढच्या आठवड्यात संस्थेची माणसं मुंबईहून आली. दोन बाया, एक पुरुष, गळ्यात कॅमेरा. त्यांनी पोपट बघितला, टाळ्या वाजवल्या, रत्नप्रभाच्या अक्षराचं कौतुक केलं. तक्त्यात काय लिहिलंय ते वाचून एक बाई म्हणाली, "स्वच्छतेची सवय, व्हेरी गुड." मग कॅमेरावाला म्हणाला, "आदिवासी मूल असेल ना एखादं? त्याचा हात माउसवर, असा फोटो पाहिजे."

रत्नप्रभाच्या मनात आलं, बरं झालं, अनायासे चिमाची पाळी होईल. तिने चिमाला भिंतीपासून उठवून आणलं. खुर्चीत बसवलं. सगळ्यांच्या देखत पदराच्या टोकाने तिचा तळवा पुसला. माउसवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. चिमाचा हात खाली ताठ झाला होता. बोटं माउसला लागू नयेत म्हणून तिने ती वर उचलून धरली होती, हे रत्नप्रभाला स्वतःच्या तळव्याला कळत होतं.

"हसायला सांगा तिला," कॅमेरावाला म्हणाला.

"चिमा, हस ना गं. हस की. आज तुझी पाळी आहे."

फोटो निघाला. माणसं गाडीत बसली. चिमा खुर्चीवरून उतरून भिंतीपाशी गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

रत्नप्रभा रोज सकाळी वाडीवर जातच होती. बुधी सांगायची, चिमा ओढ्यावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेली. चिमाला ताप आहे. चिमा मामाकडे गेली. एकदा कुडाच्या फटीतून पिंगट केस दिसले. रत्नप्रभाने दिसले नाहीत असं केलं आणि उरलेल्या पाच जणांना घेऊन निघाली. पटावर मात्र चिमाची हजेरी तिने लावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

ऑक्टोबरच्या शेवटी संघरत्ना यंत्र बघायला आली. बाण हलत नाही म्हटल्यावर तिने माउस उलटा केला, खालची गोल चकती फिरवून काढली. आतून एक जड रबरी गोळी तिच्या तळव्यावर पडली. असं काही उघडतं हे रत्नप्रभाला माहीतच नव्हतं. संघरत्नाने आतल्या बारीक दांड्यांना गुंडाळलेलं काहीतरी टाचणीने उचकटून काढलं. धाग्यांची वळी निघाली. एक, दुसरी, तिसरी. ती ओळीने टेबलावर ठेवत गेली.

"हे बघा, ताई. तुमचा टॉवेल. कोऱ्या टॉवेलाचे धागे सुटतात ना, सगळे आत गेले. म्हणून अडत होता."

वळ्या गुलाबी होत्या.

"मला वाटलं, मुलांच्या हातांनी..." रत्नप्रभा म्हणाली.

"हातांनी?" संघरत्ना हसली. "इथे कुणाचे हात गुलाबी आहेत, ताई?" तिने टॉवेल ओढून काढला आणि जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला. गोळी बसवली. बाण सुळकन इकडून तिकडे गेला. मग तिची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली, मग मागे बसलेल्या पाच मुलांवर. तिचं हसू ओसरलं. तिने बॅग भरली. निघताना ती नेहमी चहा घ्यायची, त्या दिवशी म्हणाली, "नको, मुरबाडची एसटी चुकेल." मुरबाडच्या एसटीला अजून दीड तास होता.

रत्नप्रभाने तक्ता काढला. फाडताना खिळ्याला एक तुकडा राहिला तो तिने नखाने खरवडला. मुलांना सोडल्यावर ती कॉलनीच्या रस्त्याला न लागता ओढ्याकडे वळली. दिवाळी होऊन गेली की मुकादम येणार, आणि दिवाळीला चारच दिवस उरले होते. पण वाडीवर पोचली तर रंजना गाठोडी बांधत होती. मुकादमाने यंदा आधीच बोलावलं होतं. गाडी उद्याच.

"रंजना, चिमाला ठेवून जा. तू म्हणाली होतीस."

"मी ठेवत व्हती, बाय. तीच नाय म्हनते." रंजनाने पातेल्यात पातेलं घातलं. "मी इचारलं, का गो? पोरं हसतात? तं म्हनते, पोरं हसतात त्याचं काय नाय. बाय हसली."

रत्नप्रभा उभीच होती. बसा म्हणायला रंजनाकडे अंथरायला काही नव्हतं, आणि ती खाली बसेल असं रंजनाला वाटलं नव्हतं.

"पयलं तुमी हसल्या," रंजना म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, त्याने जास्तच लागलं. "मंग मुंबयची मानसं आली तवा तिला म्हनल्या, हस. तिला काय कलंना, हसायचं का नाय हसायचं."

पाणी मागावं, दोन घोट प्यावेत, असं रत्नप्रभाच्या मनात येऊन गेलं. मग तिला स्वतःचीच किळस आली. इथे पाणी पिऊन दाखवायचं आणि तेही पुन्हा आपल्याच खात्यावर चांगलं म्हणून मांडायचं. ती मातीत बसली.

"चिमा कुठंय?"

चिमा कुडामागे होती. रंजनाने हाक मारल्यावर आली, पण आईच्या पातळाला धरून राहिली. हातात चिंबोरीची नांगी होती.

"चिमा, मी हसले," रत्नप्रभा म्हणाली. "मी हसायला नको होतं. माझं चुकलं. तुझ्या हातांनी काही बिघडलं नव्हतं. मीच टॉवेल ठेवला होता, त्याने बिघडलं."

टॉवेलाचं चिमाला काही कळलं नाही. ती नांगीकडे बघत राहिली. मग फार हळू म्हणाली, "मी नसता खाल्ला."

"काय गं?"

"त्यो. तुमचा उंदीर." तिने एकदाच वर बघितलं. "मी नसता खाल्ला. मला मायती व्हतं."

आता कुठे रत्नप्रभाला कळलं. इतके दिवस पोरगी भिंतीला टेकून बसली होती ती हात मळके म्हणून नव्हे. तक्ता तिला वाचता येत नव्हता. बाई आपल्याला यंत्राजवळ येऊ देत नाहीत, कारण बाईंना वाटतं आपण ते खाऊन टाकू, असं तिला वाटत होतं. बाळ्या म्हणाला होता, आणि बाई हसल्या होत्या, म्हणजे ते खरंच होतं.

"तू खाल्ला नसतास," रत्नप्रभा म्हणाली. "मला माहीत आहे."

"त्यांना सांगाल?"

"कुणाला?"

"सगल्यांना. बाल्याला."

"सांगेन. उद्या तुझ्यासमोर सांगते. मग राहशील आजीजवळ?"

चिमाने आईकडे बघितलं. रंजना म्हणाली, "गाडी धाला येल म्हनलाय. सकाली घेऊन जा तिला. नवाला सांगा, मी येते बगायला. ती राहते म्हनली तं राहंदे."

त्या दिवशी रत्नप्रभा घरी आली तेव्हा चंद्राबाई दारात होती. रत्नप्रभा एवढंच म्हणाली, "उद्या लवकर जायचंय." सकाळी नरेंद्रचा डबा तसाच टाकून ती बाहेर पडली. आठला ती ओढा ओलांडत होती तेव्हा पलीकडून बुधी येताना दिसली, एकटी, काठी टेकत.

"गेली, बाय," म्हातारी लांबूनच म्हणाली. "मुकादम सा वाजताच गाडी घेऊन आला. म्हनला, बसा, नायतं दुसरी वाडी भरतो. पोर म्हनत व्हती थांबा थांबा. कोन थांबतंय?"

"कुठली भट्टी?"

"ते काय मला मायत? भिवंडीकडं."

भिवंडीकडे भट्ट्या किती, ह्याला मोजदाद नव्हती. रत्नप्रभा ओढ्यात उभी राहिली. मग वाडीवर गेली. पाचांपैकी दोघंच मागे राहिली होती, त्यांना तिने हाताला धरलं.

अंगणवाडीत गावातली मुलं जमली होती. ती आत गेली, पिशवी खाली ठेवली नाही, टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी इकडे बघा. मला एक सांगायचंय. चिमा उंदीर खाणार नव्हती. माउस म्हणजे काय ते तिला तुमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. बाळ्या, तू बोललास ते वाईट बोललास. आणि मी हसले ते त्याच्याहून वाईट. तिच्या हातांनी यंत्र बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे बिघडलं होतं."

बाई कुणाला तरी रागावतायत एवढं मुलांना समजलं, कुणाला ते समजलं नाही. पडवीत हिराबाईची पळी थांबली.

"बाई, पोरांना कशाला सांगता असलं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांना काय कळतंय? आता घरी जाऊन सांगतील."

"सांगू देत."

बाळ्या मान वळवून मागे भिंतीकडे बघत होता. "पन ती कुठं हाय, बाय?"

"भट्टीवर गेली."

"मंग तिला कसं कळल, तुमी सांगितलं ते?"

रत्नप्रभाने पिशवी खाली ठेवली. बाळ्या तिच्याकडे बघत होता. मग त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.